शेजारच्या यंत्राचा पत्ता

दर्शना भोईरला किळस फार लवकर येते, असं तिच्या घरचे सांगतात. लहानपणी ती दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नसे, आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी हात कशाला पुसतोय यावर डोळा ठेवून बसे. "हिचा नाक बघा, कवा खाली येल तर शप्पथ," असं तिची आई सगुणा शेजारणींना कौतुकानं आणि वैतागानं सांगायची.

भोईर मूळचे बाळकुमचे. आजोबांच्या वेळी खाडीकडेला मिठागरं होती, आता तिथे सिक्युरिटी गार्ड नाव विचारतो अशा इमारती आहेत, आणि त्यातले काही गाळे भोईरांचे आहेत. भाऊ देवेश ते सांभाळतो. म्हणजे दर्शनाच्या पगारावर घरात कुणाचं काही अडत नव्हतं. तिनं नोकरी धरली ती नेटवर्कचं काम मनापासून आवडायचं म्हणून. एक तार इथून निघते, तिकडे पोचते, मधे कुणी लबाडी करत नाही, ही गोष्ट तिला स्वच्छ वाटायची.

ती लागली कल्याणहून शहाडकडे जाताना लागणाऱ्या एका खासगी रुग्णालयात. बाहेरून काच, आत संगमरवर, रिसेप्शनला ताजी फुलं. पहिल्याच दिवशी तिला सर्व्हर रूम दाखवली गेली आणि तिचं नाक जे मुरडलं ते तसंच राहिलं. तळमजल्यावर कँटीनच्या मोरीला लागून ती खोली होती. भिंतीला ओल. रॅकच्या मागे गेल्या गणपतीच्या मखराचं थर्माकोल, मुदत संपलेल्या सलाइनची खोकी आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा, ज्याचं झाकण उघडायची कुणाची छाती नव्हती. एसीचं पाणी ज्या बादलीत पडायचं तिच्यात गुटख्याच्या पुड्या तरंगत होत्या. ज्या यंत्रांमध्ये सगळ्या पेशंटचे रिपोर्ट, औषधं, रक्तगट होते, ती यंत्रं ह्या उकिरड्यात उभी होती.

तिनं नाकाला रुमाल बांधला आणि सगळं स्वतः उपसून काढलं. हाऊसकीपिंगवाले दारात उभे राहून बघत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, हे आपलं काम नाही." ती म्हणाली, "मग कुणाचं?" त्यावर तो गोड हसला, आणि तिथे कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर मिळतं हे तिला हळूहळू कळत गेलं.

खरी घाण मात्र झाडूनं निघणारी नव्हती.

रुग्णालयाच्या मालकांच्या आणखी तीन-चार शाखा होत्या आणि मुख्य ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला. एका वर्षी मालकांच्या डोक्यात आलं की सगळं एका जागेवरून चालवायचं. त्यात एक गोष्ट अशी झाली, जी कुणाच्या लक्षातही आली नाही. माणसं यंत्रांना नावानं ओळखतात. हा लॅबचा सर्व्हर, हा फार्मसीचा, हा एक्स-रेचा. यंत्रांना नावं कळत नाहीत, त्यांना आकड्यांचा पत्ता लागतो. म्हणून प्रत्येक नेटवर्कमध्ये एक जाणता सर्व्हर असतो. बाकीचे त्याला विचारतात, 'लॅब कुठे राहते?' आणि तो पत्ता सांगतो. हा जाणता आधी तळमजल्यावरच होता. तो उचलून वागळे इस्टेटला नेला. आता आयसीयूमधल्या स्क्रीनला खालच्या मजल्यावरच्या लॅबचा रिपोर्ट हवा असेल, तर ती आधी ठाण्याला विचारणार लॅब कुठे आहे, आणि ठाण्यानं सांगितलं की मग खाली जाणार.

पहिल्यांदा ठाण्याला जोडणारी लाइन तुटली तेव्हा अख्खं रुग्णालय आंधळं झालं. सगळी यंत्रं चालू, सगळे दिवे हिरवे, आतल्या तारा शाबूत. पण कुणाला कुणाचा पत्ता माहीत नाही. फार्मसीची बाई शेजारच्या प्रिंटरवर हात ठेवून विचारत होती, "हा सापडत नाही म्हणजे काय? हा काय समोर आहे!"

लाइन परत आल्यावर दर्शना प्रशासक महेंद्र केळुसकरांच्या केबिनमध्ये गेली. महेंद्र सर जेवत होते. ते नेहमीच काहीतरी खात असायचे आणि खाताखाता फायली चाळायचे, त्यामुळे त्यांच्याकडून आलेला कागद दर्शना कोपऱ्याला धरून घ्यायची.

"सर, आपल्याकडे इथे एक छोटा सर्व्हर हवा. ठाण्याकडची सगळी नावं-पत्ते तो आपोआप उतरवून घेईल. तिकडे काही बदललं की इकडेही बदलेल. लाइन गेली तरी तो इथल्या इथे उत्तर देत राहील. इथली स्क्रीन आधी त्यालाच विचारेल."

"किती दिवसांचं काम?"

"माझंच काम आहे. एक मशीन द्या, आणि झाल्यावर एकदा मुद्दाम ठाण्याची लाइन काढून बघायला परवानगी द्या. दिवसाढवळ्या, सगळ्यांना सांगून."

महेंद्र सरांनी दातात अडकलेलं काहीतरी मोबाइलच्या सिमच्या पिननं काढलं, पिन निरखली आणि टेबलक्लॉथला पुसली. "लाइन काढून? चालू हॉस्पिटलमध्ये? मॅडम, पुढच्या महिन्यात तपासणीवाले येतायत. असले प्रयोग नकोत. मी संदेशशी बोलतो."

संदेश हा बाहेरच्या एका कंपनीचा माणूस. सगळ्या शाखांची देखभाल त्याच्या कंपनीकडे होती. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट, आणि प्रत्येक वाक्याआधी 'टेन्शनच घेऊ नका.' त्यानं स्वस्तातला तोडगा काढला. प्रत्येक स्क्रीनच्या आत नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये हातानं टाइप करून ठेवायचे. स्क्रीननं आधी ठाण्याला विचारायचं. ठाणं बोललं नाही, तर ही आतली यादी बघायची. बस्स. मशीन नको, खर्च नको.

"आणि उद्या लॅबचा पत्ता बदलला तर?" दर्शनानं विचारलं.

"तर यादी बदलायची. सिंपल."

"कोण बदलणार? एवढ्या स्क्रीन आहेत. एखादी राहिली तर रोज कळणारही नाही, कारण रोज ती ठाण्याला विचारतेय. ती यादी फक्त लाइन तुटल्यावर उघडणार. म्हणजे चूक असली तर ती नेमकी अडचणीच्या वेळीच बाहेर येणार."

"मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता," संदेश म्हणाला, आणि महेंद्र सर हसले. दोघांनी मिळून वडापाव खाल्ले आणि त्याच हातांनी कागदावर सह्या केल्या. दर्शनानं तिचं म्हणणं ईमेलनं कळवलं. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा कळवलं. तेव्हा महेंद्र सरांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "लेखी कशाला पाठवता एवढं? आपण एका कुटुंबातले."

'कुटुंब' हा शब्द त्या तोंडातून ऐकून ती दोन पायऱ्या खाली सरकली.

त्या उन्हाळ्यात लॅबला नवा सर्व्हर आला. नवं यंत्र, नवा पत्ता. जुना बंद करून टाकायचा असं दर्शनानं सांगितलं होतं, पण संदेश म्हणाला असू दे महिनाभर, लागला तर. म्हणून जुना सर्व्हर तसाच चालू राहिला, त्याच्या पोटात बदलीच्या दिवसापर्यंतचे सगळे रिपोर्ट घेऊन. ठाण्यातली नोंद बदलली. आतल्या याद्यांचं काय, असं दर्शनानं फोन करून विचारलं. "सगळ्या मशीनवर करून टाकलं मॅडम. टेन्शनच घेऊ नका." तिनं वॉर्डातल्या दोन-तीन स्क्रीन उघडून पाहिल्या. तिथे यादी खरंच बदललेली होती.

त्याच आठवड्यात महिपत शेलार आयसीयूत होते. शहाडला राहणारा, साताऱ्याकडून तरुणपणी आलेला, आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस. उलट्या-जुलाबांनी अंगातलं सगळं पाणी गेलं म्हणून त्यांना आणलं होतं. आले तेव्हा रक्तातलं पोटॅशियम फार कमी होतं. पुढे मूत्रपिंडांनी हात टेकले आणि तेच पोटॅशियम उलट वाढायला लागलं. त्यांची मुलगी प्राची डोंबिवलीत एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. ती रोज दुपारची सुट्टी धरून यायची आणि काचेतून बापाला हात करायची. तेही हात करायचे. वेल्डरचे जाड, भाजल्याच्या डागांचे हात. आयसीयूतल्या कलावती सिस्टर दर्शनाला म्हणाल्या होत्या, "गोड म्हातारा आहे गं. सुई टोचली की मलाच विचारतो, तुला लागलं नाही ना?"

एका दुपारी रस्त्याच्या कामाचा जेसीबी कुठेतरी तारेवर बसला आणि ठाण्याची लाइन गेली.

दर्शना खाली सर्व्हर रूममध्ये लाइनवाल्या कंपनीला फोन लावत होती. इंटरकॉम गेले होते, तेही नावांवरच चालायचे. ती धावत वर आली, वॉर्ड बघितले, आयसीयूच्या दाराशी चपला काढून आत शिरली. तिथल्या स्क्रीन चालू होत्या. रिपोर्ट उघडत होते. एकही तक्रार नव्हती. तेवढ्यात संदेशचा फोन आला. "बघा मॅडम, म्हटलं होतं ना? लाइन गेली आणि आयसीयूला पत्ताही नाही!"

तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिची नजर महिपतरावांच्या खाटेजवळच्या स्क्रीनवर गेली. 'सर्वात ताजा रिपोर्ट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढी तारीख होती. ती तारीख सर्व्हर बदलायच्या आधीची होती.

ती स्क्रीन जुन्या सर्व्हरचं पोट वाचत होती. ठाण्यानं उत्तर दिलं नाही म्हणून तिनं आपली यादी उघडली, आणि यादीत लॅबचा जुनाच पत्ता होता. त्या पत्त्यावर अजूनही कुणीतरी जागं होतं आणि विचारलेल्याला इमानेइतबारे शिळे रिपोर्ट देत होतं. स्क्रीन बंद पडली असती तर कुणीतरी धावत खाली गेलं असतं, कागद आणला असता. ती बंद पडली नव्हती. ती हिरवीगार, टवटवीत खोटं बोलत होती.

"डॉक्टर!" दर्शना ओरडली. "हे आजचे रिपोर्ट नाहीत!"

डॉक्टर हरिहर नुकतेच ड्युटीवर आले होते. आधीच्या डॉक्टरनं जाताना त्यांना सांगितलं होतं, शेलारांचा रिपोर्ट येतोय, बघून घ्या. त्यांनी बघितला होता. पोटॅशियम कमी दिसत होतं, म्हणून त्यांनी पोटॅशियमचं सलाइन लावायला सांगितलं होतं. ते सलाइन कलावती सिस्टरनी लावलं होतं. ते थेंब थेंब आत चाललं होतं, ज्या रक्तात पोटॅशियम आधीच उतू जात होतं त्या रक्तात.

डॉक्टर वळले ते मॉनिटरकडे. तिथली रेघ रुंद आणि वेडीवाकडी व्हायला लागली होती. "बंद करा ते! बंद करा!" सिस्टरनी नळी चिमटीत दाबून धरली. मग पडदा ओढला गेला, कुणीतरी दर्शनाला बाहेर ढकललं, आणि ती काचेबाहेर चपलांच्या ढिगात अनवाणी उभी राहिली. मागून कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर पडला. प्राची होती. जेवणाची सुट्टी धरून आलेली.

"मॅडम, पप्पांचा पडदा का लावलाय?"



महिपतराव वाचले. छातीवर दाब द्यावा लागला, दोन बरगड्या मोडल्या, तातडीनं डायलिसिस झालं, आणि ते वाचले. पण मधल्या वेळात मेंदूला रक्त कमी पडलं असावं. शुद्धीवर आल्यावर त्यांना मुलगी ओळखू येत होती, पण तिचं नाव तोंडावर येत नव्हतं. उजवा हात उचलत नव्हता. प्राची काचेतून हात करायची आणि ते नुसते बघत राहायचे.

चौकशी झाली म्हणजे महेंद्र सरांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. समोसे मागवले होते. डॉक्टर हरिहर सुरुवातीलाच म्हणाले, "मी तारीख बघायला हवी होती. ते माझं. पण स्क्रीन शिळं दाखवतेय हे मला कळायची काय सोय होती?" आयसीयूचीच यादी कशी राहिली, असं दर्शनानं संदेशला विचारलं. तो आधी इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिथे बूट काढायला लागतात ना."

"म्हणजे?"

"बूट काढून, त्या त्यांच्या रबरी सपाता घालायच्या... सगळ्यांनी घातलेल्या. मला नाही जमत ते. म्हटलं नंतर करू."

महेंद्र सरांनी समोशाचं टोक चटणीत बुडवलं. सपातांची किळस दर्शनालाही होतीच. तीही रोज त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करायची आणि पाय घालायची किंवा अनवाणी जायची. ह्या माणसाला आपल्या पायांची काळजी वाटली आणि एका म्हाताऱ्याचा हात गेला.

"ठीक आहे," महेंद्र सर बोटं चाटत म्हणाले. "आता हे वाढवायचं नाही. रिपोर्ट तयार आहे. रस्त्याच्या खोदकामामुळे लाइन तुटली, तांत्रिक बिघाड, अपरिहार्य. मॅडम, नेटवर्कच्या जागी तुमची सही लागेल."

कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग पसरत होता. डॉक्टर हरिहर टेबलाकडे बघत होते. सुरुवातीला जे बोलले तेवढ्यावर त्यांचा दम संपला होता. कलावती सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर होतं, आणि सलाइन त्यांनी लावलं होतं, एवढं त्यांना कुणीतरी आधीच सुनावून ठेवलं असणार.

"लाइन तुटली म्हणून नाही झालं हे," दर्शना म्हणाली. "लाइन तुटणारच. रस्ते खोदणारच. लाइन तुटल्यावर यंत्रानं खोटं सांगितलं म्हणून झालं. ते खोटं आपण आत टाइप करून ठेवलं होतं. मी नाही सही करणार."

"तुम्हाला काय, बाळकुमला टॉवर आहेत तुमचे," महेंद्र सर हसत म्हणाले. "बाकीच्यांना पोटं आहेत."

हा टोला तिला लागला, कारण तो खरा होता. तिला सही नाकारणं परवडत होतं. कलावती सिस्टरना परवडत नव्हतं. आणि ह्या माणसानं तेच बरोबर हेरून सगळ्यांना त्या खोलीत गोळा केलं होतं. ती उठली आणि सही न करता बाहेर पडली. जिन्याखालच्या बेसिनवर जाऊन तिनं हात धुतले, पुन्हा धुतले.

त्या संध्याकाळी ती घरी जाऊन तशीच बसून राहिली. सगुणानं ताट वाढलं. "काय झाला गो? जेवाला बस."

"आई, तिथे सगळे खातच असतात गं. माणूस मेला काय, जगला काय, खातच असतात."

मग तिनं शेलारांचं आणि प्राचीचं सगळं सांगितलं. सगुणाला अर्धंच कळलं. पण ती ताट बाजूला सारून लेकीजवळ बसली. "मंग सांग ना त्या म्हाताऱ्याच्या पोरीला. तिला ठावं पायजे का नको?"

दुसऱ्या दिवशी दर्शना डोंबिवलीला प्राचीच्या ऑफिसपाशी गेली. खाली पार्सलांच्या गोण्यांमध्ये उभं राहून तिनं सगळं सांगितलं. जुना सर्व्हर, यादी, बूट, सही. ईमेलच्या प्रतीही दिल्या. तिला वाटलं होतं प्राची रडेल, कदाचित तिचा हात धरेल.

प्राचीनं कागद वाचले आणि तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आधीपासून."

"मी सांगितलं होतं त्यांना. दोनदा."

"दोनदा." प्राचीच्या चेहऱ्यावर जे आलं ते दर्शना ओळखून होती. तिच्याच चेहऱ्यावर ते रोज असायचं. "मॅडम, तुमचं घर जळत असतं तर दोनदा सांगून गप्प बसला असता का? ईमेल केला असता?"

प्राचीनं कागद पर्समध्ये घातले आणि जिना चढून गेली.

तिनं ते कागद फुकट जाऊ दिले नाहीत. तक्रार केली, वकील गाठला, एका वर्तमानपत्रात बातमी आली. मालकांनी वागळे इस्टेटहून माणसं पाठवली. संदेशच्या कंपनीचं काम गेलं. ते दुसऱ्या कंपनीला मिळालं, आणि काही महिन्यांनी त्या कंपनीचा माणूस म्हणून संदेशच परत आला, तसाच अत्तर लावून. महेंद्र सरांची दुसऱ्या शाखेत बदली झाली, वरच्या हुद्द्यावर. निरोप समारंभात त्यांनी 'कुटुंब' हा शब्द तीनदा वापरला. शेलारांना तडजोडीनं काही मिळालं. प्राची पुन्हा कधी दर्शनाशी बोलली नाही. महिपतराव डाव्या हातानं जेवायला शिकले, असं कलावती सिस्टरकडून कळलं.

आणि दर्शनाला मशीन मिळालं. मागितल्याशिवाय. सुधारणा केली असं कुठेतरी दाखवायचं होतं म्हणून.

तिनं ते काम कुणाच्या भरवशावर सोडलं नाही. एक नाही, दोन छोटे सर्व्हर बसवले, तेही त्या मोरीशेजारी नाही, वेगवेगळ्या मजल्यांवर. दोन्ही ठाण्याकडून नावं-पत्ते आपोआप उतरवून घ्यायचे आणि लाइन गेली तरी आहे त्यावर उत्तर देत राहायचे. आपल्याकडची प्रत शिळी होतेय असं दिसलं की तिच्या फोनवर आरडाओरडा करायचे. प्रत्येक स्क्रीनमधली हातानं टाइप केलेली यादी तिनं स्वतः जाऊन पुसून टाकली. आयसीयूत ती सपाता घालून गेली. पाय आत घालताना नेहमीसारखा अंगावर काटा आला. लॅबचा जुना सर्व्हर तिनं बंद केला, तार काढली आणि उचलून भंगारात नेऊन ठेवला. वाटेत कुणी विचारलंही नाही.

मग एका सकाळी, सगळ्या वॉर्डांना आधी सांगून, डॉक्टरांना कागदी रिपोर्ट हाताशी ठेवायला सांगून, तिनं ठाण्याची लाइन काढली. डॉक्टर हरिहर आयसीयूत उभे होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "कधी काढणार?"

"काढून झाली, डॉक्टर. मघाशीच."

त्यांनी स्क्रीनवरची तारीख बघितली. मग पुढच्या खाटेच्या स्क्रीनवरची बघितली. आता ते प्रत्येक वेळी तारीख बघतात. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, मीटिंगबद्दल असावं, पण ते तसेच निघून गेले.

दुपारी नवे प्रशासक फोटोग्राफर घेऊन आले. दर्शनाच्या हातात तार, शेजारी प्रशासक, मागे रुग्णालयाचं नाव. "'अखंड सेवा' असा फ्लेक्स करायचाय मॅडम, गेटवर. जरा हसा." प्रशासकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो उचलून बाजूला केला, तार टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आयसीयूत शेलार म्हणून पेशंट होते. त्यांचाही फोटो लावणार का?" फ्लेक्स लागला, पण तिच्याशिवाय. त्यावर भलत्याच कुठल्या तरी गोऱ्यापान डॉक्टरीणबाईचा हसरा फोटो होता.

त्या दिवशी तिनं राजीनामा लिहिला. देवेश घरी म्हणालाच होता, "सोड ना दीदी, तुला काय गरज आहे?" राजीनामा द्यायला जाताना वाटेत कलावती सिस्टर भेटल्या. त्यांनी कागद बघितला आणि तिला जिन्याच्या आडोशाला ओढलं.

"जा की. तू जाऊ शकतेस. पण संदेश परत आलाय, माहितीये ना? तू गेलीस की तो पहिल्या आठवड्यात पुन्हा काहीतरी चिकटवून ठेवेल. आणि सलाइन मीच लावणार आहे, दर्शना. स्क्रीनवर जे दिसेल ते बघून."

"मला इथे श्वास घ्यायला होत नाही, कलाताई. सगळ्याची घाण येते."

"मला पण येते. मी पंधरा वर्षं बेडपॅन उचलतेय." सिस्टर हसल्या नाहीत. "घाण येत नाही ते लोक वरच्या मजल्यावर बसतात."

दर्शना अजून तिथेच आहे. तिला त्या जागेचा वीट आलाय, हे ती कुणालाही तोंडावर सांगते, त्यामुळे तिला पार्ट्यांना बोलवत नाहीत. दर महिन्याला एकदा, सकाळच्या राउंडनंतर, ती सगळ्यांना सांगून ठाण्याची लाइन काढते आणि प्रत्येक खाटेजवळ जाऊन बघते, की यंत्र कुणाला विचारतंय आणि त्याला काय उत्तर मिळतंय. पावसाळ्यात रस्ता पुन्हा खणला गेला आणि लाइन एक अख्खा दिवस बंद होती. रुग्णालयात कुणाला कळलंही नाही. संध्याकाळी संदेश तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेतलं नाही तरी चाललं की!" आणि शेकहँडसाठी हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे बघितलं, खुर्ची मागे सरकवली आणि आयसीयूच्या दिशेनं निघून गेली.